सखाबाईच्या शिव्या आणि मी भोंगा

मी भोंगा बोलतोय. तुम्ही म्हणाल, भोंगा बोलणारच, त्यात नवल ते काय? पण आजवर मी जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं होतं. लग्नातल्या बायांचं, मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर भरणाऱ्या जत्रेतल्या, नटांचं, निवडणुकीतल्या उमेदवारांचं. माझं स्वतःचं असं हे पहिलंच बोलणं. तेव्हा मधेच थोडी खरखर झाली तर सांभाळून घ्या.

तसा मी चांगल्या वळणात वाढलेला. नागपूरला सीताबर्डीवरच्या एका दुकानात, काचेमागच्या फळीवर माझे सुरुवातीचे दिवस गेले. दुकानात दिवसभर रेडिओ लावलेला असायचा. बातम्या, हवामान, शेतकऱ्यांना सल्ला, बायकांसाठी पाककृती. मराठी माणसं एकमेकांशी अशीच बोलत असणार, 'नमस्कार, आता ऐका' म्हणून सुरुवात करत असणार, अशी माझी पक्की समजूत झाली होती. आपल्या तोंडून कधी वावगा शब्द जायचा नाही, याचा मला फार अभिमान होता.

बहात्तरच्या उन्हाळ्यात लाखनीच्या सुखरामनं मला विकत घेतलं. लाखनीच्या हमरस्त्यावर त्याचं बिछायत केंद्र होतं. लग्नासाठी सतरंज्या, बत्त्या, स्वयंपाकाचे मोठे गंज तो भाड्यानं द्यायचा. आता लाऊडस्पीकरही देणार म्हणून स्वारी खुशीत होती. त्यानं मला पोत्यात गुंडाळलं, एसटीच्या टपावर टाकलं आणि लाखनीला आल्यावर बॅटरीला जोडलं. मी वाट पाहत होतो, की आता माणूस काहीतरी भारदस्त बोलेल. त्यानं माइक तोंडाला लावला आणि म्हणाला, "हालो, हालो. का बाप्पा, आवाज येऊन राहिला का?"

माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. समोरच्या ढाब्यावरचा ट्रकवाला ओरडला, "हाव, येऊन राहिला." पुढे काय काय ऐकवावं लागणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

माझं पहिलं काम दिघोरीला, एका लग्नात निघालं. दिघोरी म्हणजे सुखरामच्या आईचं माहेर. तिथल्या सखाबाईला तो मावशी म्हणायचा. सखाबाई तेव्हा पस्तिशीची असेल. भातलावणीच्या दिवसांत, म्हणजे तिकडे ज्याला रोवणा म्हणतात त्यात, बाया चिखलात वाकून ओळीनं रोपं लावतात. त्या ओळीत सखाबाई सगळ्यांच्या पुढे असायची आणि गाण्यातही सगळ्यांच्या वरचढ. गावात कुठलंही लग्न असो, नवरदेवाकडची पंगत बसली की लोक आधी सखाबाईला शोधायचे.

का शोधायचे ते मला माहीत नव्हतं. सुखरामनं मला मांडवाबाहेरच्या कडुनिंबाला बांधलं. नवरदेवाचे वडील गोमाजी आंबागडचे शेतकरी, चांगले भरदार मिशांचे. त्यांच्यासमोर पान वाढून झालं, आणि सखाबाईनं माइक हातात घेतला. साप धरावा तसा लांब धरला होता. सुखरामनं तो तिच्या तोंडाजवळ सरकवला आणि तिनं गळा मोकळा सोडला.

"आला आला इवाई, भैताड वं माय,
धोतर बांधलं डोक्शाले, पागोटं कुठी हाय?"

माझा पडदा फाटायची वेळ आली. इवाई म्हणजे व्याही, आणि भैताड म्हणजे ठार बावळट. ज्या माणसाच्या घरी आपली मुलगी द्यायची, ज्याचे पाय धुवायचे, त्याला जेवायला बसवून भैताड? आणि तेही माझ्या तोंडून? माझा आवाज तलावाच्या पलीकडच्या गावापर्यंत पोचत होता. मला वाटलं, आता काठ्या निघणार आणि पहिली काठी माझ्यावर बसणार.

बाया थांबल्या तर नाहीतच. मागून दहाजणींनी सूर धरला.

"मिश्या मोठ्या फोकनाडाच्या, गोठी सांगे फार,
बैल गेला बोडीत अन् हा उभा बांधावर."

फोकनाड म्हणजे पोकळ बढाया मारणारा. बैल तळ्यात बुडतोय आणि हा बांधावर उभा राहून गप्पा सांगतोय, असं त्या भर पंगतीत, आंबागडच्या सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणत होत्या.

मी गोमाजींकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. मग पोट हलायला लागलं. मग त्यांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर घेतलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाया दम खायला थांबल्या तर ते रागावले. "बस? इतक्यात आटपलं?" ते म्हणाले. "आमच्याकडच्या बाया तर पान उचलेपर्यंत नाई थांबत." मग सखाबाईनं त्यांच्या मिशा, त्यांची गाडी, त्यांचे बैल, त्यांचे भाऊ, एकेकाला धुऊन काढलं. गोमाजी भात मागून मागून जेवले. निघताना त्यांनी सखाबाईला लुगडं दिलं आणि इहीनबाई, म्हणजे विहीणबाई, म्हणून तिच्यापुढे हात जोडले.

परतीच्या वाटेवर सुखराम गाडीवानाला सांगत होता, म्हणून मलाही कळलं. "शिव्या नाई घातल्या तर इवायाले वाटते, यायनं आपल्याले परकं समजलं," तो म्हणाला. "मंग तो जेवत नाई धड."

तर अशी ही रीत. मी तुम्हाला खरं सांगतो, मला ते पचायला दोन-तीन लग्नसराया लागल्या. पण हळूहळू माझं कान देणं बदललं. सखाबाई भैताड म्हणाली की त्या शब्दात काय काय असतं ते ऐकू यायला लागलं. माझी पोरगी तुझ्या घरी येते आहे. आता तू माझा. आता मी तुला काहीही म्हणू शकते. रेडिओवर इतकं सगळं एका शब्दात कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

वर्षं जाऊ लागली. मी गावोगाव हिंडलो आणि माणसांचे शब्द बदलताना पाहिले. पाहिले काय, मीच ते गावभर वाटले. मी आलो तेव्हा चांगल्या गोष्टीला पोरं 'फस्क्लास' म्हणायची. मग 'टकाटक' आलं. मंडईच्या नाटकातला विनोदी नट एकदा 'झक्कास' म्हणाला आणि महिनाभर लाखनीच्या चौकात दुसरं काही ऐकू येईना. पुढे त्याच नटानं तोच शब्द त्याच लकबीत म्हटला तर मागच्या रांगेतून कोणी ओरडलं, "म्हातारा झाला बे तू, बस खाली." तेव्हा 'सॉलिड' सुरू झालं होतं. लांब केस राखणाऱ्याला हिप्पी म्हणून चिडवायचे. ते केस गळून गेले, पोरांना पोरं झाली, आणि हिप्पी म्हणजे काय ते त्या पोरांना सांगावं लागायला लागलं.

मंडईत लेकरू हरवलं की सुखराम पुकारायचा, "एक पोट्टी सापडली हाय, लाल झग्याची, ज्याची असंन त्यानं घेऊन जावं." आमच्याकडे मुलीला पोट्टी म्हणतात, आणि त्यात कुणाला काही खटकायचं नाही. ऐंशीच्या सुमाराला एक शिकलेल्या बाई तरातरा मंचाजवळ आल्या आणि त्यांनी त्याला चारचौघांत झापलं, की मुलगी म्हणा, पोट्टी काय? सुखराम इतका वरमला की त्या दिवशी त्यानं हरवलेल्या बकरीलाही 'एक बकरीबाई' म्हटलं. त्याच्या घरातही फरक पडत होता. तो स्वतः बापाला 'माहा बुढा' म्हणायचा. त्याची मुलं त्याला बाबा म्हणत, आणि शेंडेफळ तर पप्पा म्हणायला लागलं. सुखरामला ते आवडायचं. मला मात्र प्रत्येक वेळी दचकायला व्हायचं. एका घरात, एकाच ओसरीवर, इतक्या लवकर?

तरी मला वाटायचं, सखाबाईचे शब्द आहेत तिथेच आहेत. ती पन्नाशीला आली, नवरा गेला, केस पिकले, पण पंगत बसली की तिचा गळा तोच. मी नागपुरी सभ्य भोंगा, तिच्या शिव्यांची वाट पाहायला लागलो होतो.

पंच्याऐंशीच्या वैशाखात तिच्या धाकट्या मुलीचं, सुलोचनाचं लग्न ठरलं. सुलोचना दहावी झालेली, दिसायला नेटकी. मुलगा भंडाऱ्याला नोकरीला. त्याचे वडील तेजराम एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. मूळचे खेड्यातलेच, पण भंडाऱ्यात घर बांधलेलं, अंगात सफारी, आणि घरचेसुद्धा त्यांना साहेब म्हणायचे. असं स्थळ मिळालं म्हणून दिघोरीत सखाबाईचं कौतुक चाललं होतं.

हळदीच्या संध्याकाळी सुलोचना माझ्याखाली उभी राहून आईला म्हणाली, "माय, उद्या ते गाणे नको म्हनू वं. ते शिकेल लोक हायेत." सखाबाईनं लगेच कबूल केलं. तिच्यासाठी मुलीपुढे गाणं कसलं? तिनं इतर बायांनाही बजावून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. नवरदेवाकडची पंगत बसली. पत्रावळींवर भात, वरण, भाजी, बुंदी वाढून झाली. सगळे हात पानाकडे गेले. तेजराम मात्र तसेच बसून राहिले. घास उचलेनात. कुणाकडे बघेनात. त्यांचं तोंड उतरलेलं. साहेब जेवत नाहीत म्हटल्यावर शेजारच्यांचेही हात थांबले.

त्यांनी ओशाळत चमचा मागितला होता. हातानं जेवायची त्यांची सवय मोडली होती, आणि कोणीतरी चमचा शोधायला घरात गेलं होतं. मला हे दिसत होतं, मी झाडावर होतो. पण सखाबाई दुरून पाहत होती. तिला फक्त वाढलेलं पान आणि न जेवणारा व्याही दिसला. जन्मभर जे शिकली तेच तिच्या मनात आलं. याला आपण परकं ठेवलं, म्हणून हा रुसला. पोरीचं ऐकून आपण मोठी चूक केली. ती सुखरामजवळ आली, त्याच्या हातून माइक घेतला आणि काकुळतीनं, मायेनं, तेजरामांचं मन राखायला म्हणून गायला लागली.

"सफारी घातली भैताडानं, खिसे त्याले चार,
एकातई नाई दाना, पोकळ कारभार."

मी ते फार आनंदानं दणदणीत म्हटलं, हेही सांगतो. मग मी हसण्याची वाट पाहिली.

कोणी हसलं नाही. दिघोरीचे म्हातारे हसायला लागले होते, तेही मधेच थांबले. तेजरामांचा चेहरा पांढरा पडला. ते पानावरून उठले. पानावरून उठणं म्हणजे काय ते आमच्या भागात लहान पोरालाही कळतं. त्यांच्यामागे सगळी पंगत उठली. भात तसाच, बुंदी तशीच. नवरदेवाचा एक चुलतभाऊ मोठ्यानं म्हणाला, की बोलावून आणून अपमान करायची ही कोणती पद्धत? वऱ्हाडाच्या बसचं इंजिन सुरू झालं. नवरी न घेता जाणार, असं ते सांगायला लागले.

तोच शब्द. तीच बाई. तोच मी. याच शब्दावर मी माणसाला पागोटं काढून हसताना पाहिलं होतं. मधल्या काळात कधी, कोणत्या वळणावर, कोणी त्याची शिवी केली? मला कोणी सांगितलं का नाही? मी तर रोज माणसांत होतो.

सुलोचना मुंडावळ्या बांधलेली तशीच मांडवात उभी होती. नवरदेव जमिनीकडे बघत होता. सखाबाई तेजरामांच्या पायाशी गेली, पाया पडली. ते मागे सरकले. चुलतभाऊ म्हणाला, "लाऊडस्पीकरवरून बोलल्या ना? मग माफीही लाऊडस्पीकरवरूनच मागायची." आणि माफी कशी मागायची तेही त्यानंच सांगितलं. तो एकेक शब्द म्हणे आणि सखाबाई त्याच्यामागून म्हणे. "माझ्याकडून जे अनुचित शब्द उच्चारले गेले, त्याबद्दल मी आपणा सर्वांची जाहीर माफी मागते." अनुचित हा शब्द तिला येईना. तो तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. मग पुन्हा.

नागपूरला काचेमागे बसून ज्या भाषेची मी वाट पाहत होतो, ती हीच. अगदी शुद्ध. मला ती दिघोरीभर, तलावापलीकडे ऐकवावी लागली. तारा तुटून पडाव्यात असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, ते तेव्हा.

वऱ्हाड थांबलं. सुलोचनाची पाठवणी झाली. आमच्याकडे पाठवणीला आई नुसती रडत नाही, बोलून रडते. लहानपणचं सगळं आठवून, मुलीला नावं ठेवून, पोट्टे, माहे चिमणे, असं म्हणत गळ्यात पडून रडते. सखाबाईनं सुलोचनाला मिठीत घेतलं आणि पदराचा बोळा तोंडात धरला. तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. कोणता शब्द चालेल आणि कोणत्या शब्दानं बस पुन्हा सुरू होईल, हे तिला आता कळत नव्हतं. ती मुक्यानं रडली, आणि माझ्याजवळ ऐकवायला काहीच नव्हतं.

त्यानंतर सखाबाई कोणत्याही लग्नात गायली नाही. बोलवायला गेलेल्यांना ती घसा बसला म्हणून सांगायची. दिघोरीत पंगतीच्या वेळी कॅसेट लागायला लागल्या. सुलोचना माहेरी आली की सखाबाई तिच्याशीही जपून बोलायची, असं सुखराम सांगे. पुढे सुखरामनं स्पीकरचे मोठे डब्बे घेतले, ज्यांचा आवाज म्हणे गोड असतो, आणि मी गोदामात सतरंज्यांच्या मागे गेलो. माझ्यात एकदा पालीनं संसार थाटला. मी तक्रार केली नाही.

एकोणनव्वदमध्ये मला शेवटचं बाहेर काढलं, डब्बे दुसरीकडे गेले होते म्हणून. काम भंडाऱ्याला होतं. मांडवात पाहतो तो तेजराम. आता निवृत्त झालेले, जरा वाकलेले. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि आज ते मुलीकडचे होते. सखाबाईही आली होती. कडेला बसून सुलोचनाचं बाळ थोपटत होती.

नवरदेवाकडची मंडळी आंबागडकडची, जुन्या रीतीची. पंगत बसली, पानं वाढून झाली, आणि मुलाचे वडील हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तेजराम स्वतः धावत जाऊन चमचे घेऊन आले. त्या गृहस्थांनी चमचा बाजूला ठेवला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्याकडच्या बाया मुक्या हायेत का, साहेब? आमाले काही म्हनतच नाई."

तेजरामांनी घरातल्या बायांकडे पाहिलं. सगळ्या चांगल्या साड्या नेसून उभ्या होत्या आणि एकीलाही एक ओळ येत नव्हती. पान थंड होत होतं. मग तेजराम माइक घेऊन सखाबाईकडे गेले. माइक सुरूच होता, त्यामुळे त्यांचं बोलणं माझ्यातून रस्त्यापर्यंत गेलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून खेड्यातली बोली पहिल्यांदा ऐकली.

"इहीनबाई," ते म्हणाले, "यायले शिव्या घाला. पोरीचा मांडव हाये. मलेई घाला, भैताड म्हना. त्या दिवशी माह्यावाली चुकी झाली."

सगळा मांडव तिच्याकडे बघायला लागला. सुलोचनानं पुढे होऊन बाळ घेतलं. सखाबाई उठली. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, माइक दोन्ही हातांत धरला. मी माझा जुना, गंजलेला गळा जितका उघडता येईल तितका उघडला. मी म्हटलं, आता येणार. तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि मग बोलली.

"सर्व पाहुण्यांनी सावकाश जेवावे, ही नम्र विनंती."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो आवाज मी इतकी वर्षं वाहिला आहे, राग असता तर मला कळला असता. तिनं शोधून पाहिलं आणि तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. तेजराम पुन्हा काही म्हणणार, तोच ती हलक्या आवाजात म्हणाली, "नाई साहेब, आता येत नाई मले." तेही माझ्यातून सगळ्यांना ऐकू गेलं.

आंबागडच्या पाहुण्यांनी खाली मान घातली आणि भात कालवला. पानावरून कोणी उठलं नाही. सगळे सावकाश जेवले.

मी आता गोदामात आहे. पुन्हा बाहेर निघेन असं वाटत नाही, आणि निघालो तरी माझ्याजवळ ऐकवायला काही राहिलेलं नाही. जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या घरात, तुमच्या सोयऱ्यांत, तुम्हाला भर पंगतीत भैताड म्हणणारं कोणी अजून असेल, तर घास हातात असू द्या आणि बसल्या जागी हसा. उठू नका.